आधी खुंटा, मग भिंत

माझ्या मामाच्या आवाजाची आमच्या घरात कायम चेष्टा व्हायची. त्याने स्वयंपाकघरात पाणी मागितलं की खालच्या मजल्यावरच्या काकू ग्लास भरून वर येतात, असं आई सांगायची. यात निम्मी तरी थाप असणार. पण त्याचा फोन आला की मी अजूनही तो हातभर लांब धरते. राष्ट्रीय संघात सगळे त्याला भोंगा म्हणायचे, आणि हे नाव ठेवणाऱ्याला कुणी नावं ठेवली नाहीत.

तो गोलकीपर झाला तो काही हौसेने नाही. लहानपणी उंच होता, अंगाने भरलेला होता आणि पळायचा त्याला भारी कंटाळा. ज्याला पळायचं नाही त्याला गोलात उभा करा, हा सगळ्या गल्ल्यांचा कायदा. आजोबा म्हणायचे, हा पोरगा आयुष्यात कुठे जायचा नाही. पुढे तो देशासाठी खेळायला लागला तेव्हा म्हणाले, बघा, जागचा न हलताच गेला. पण मामाला गोलातून सगळं मैदान दिसायचं आणि दिसेल ते तो ओरडून सांगायचा. पुढच्या दहा जणांनी कुठे उभं राहायचं, कुणाला धरायचं, कधी पुढे सरकायचं, सगळं त्याच्या घशावर चालायचं. त्याने बोलावलं की जायचं, का म्हणून विचारायचं नाही. त्याच्या संघात ही शिस्त होती, आणि तिचा त्याला अभिमान होता.

आता फुटबॉलमधली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समोरच्या संघाला आपल्या गोलाजवळ फ्री किक मिळाली की आपले चार-पाच जण खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ती भिंत. ती नेमकी कुठे हवी हे गोलकीपर ठरवतो. त्यासाठी तो एका खांबाला चिकटतो, एक डोळा मिटतो आणि ओरडत राहतो: डावीकडे, अजून, अजून, बास. तेवढा वेळ गोल सताड उघडा असतो. घरातले सगळे गच्चीवर गेलेत आणि दाराला कडी नाही, अशातली गत. समोरच्याने शिट्टीची वाट न बघता पटकन बॉल मारला तर संपलंच. म्हणून आपला एक जण जाऊन बॉलसमोर उभा राहतो. नियमात ते बसत नाही, रेफरी त्याला मागे जायला सांगत असतो, आणि तो हो हो म्हणत, बुटाने गवत उकरत वेळ काढत असतो. भिंत लागली, गोलकीपर जागेवर आला, की मग तो बाजूला होतो. मामाच्या संघात हे काम डाव्या बाजूला बचाव करणाऱ्या एका ठेंगण्या खेळाडूकडे होतं. तो बॉलसमोर असा रोवल्यासारखा उभा राहायचा की त्याचं नावच पडलं खुंटा.

मोठ्या स्पर्धेत आपला देश जाणार की नाही, हे ठरवणारा तो सामना होता. बरोबरी झाली असती तरी चाललं असतं. शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि आपल्या गोलाजवळ फ्री किक. त्यानंतर टीव्हीवर जे दिसलं ते लहानथोरांनी इतक्या वेळा पाहिलं, की ते प्रत्येकाला आपल्याच डोळ्यांसमोर घडल्यासारखं वाटतं. खुंटा बॉलकडे पाठ करून चालत निघालाय. पळतही नाही, चालतोय, बागेत फेरफटका मारायला निघाल्यासारखा. त्याच्या मागे समोरचा खेळाडू एक पाऊल टाकतो आणि बॉल ढकलतो. बॉलला जोरही नाही. भिंतीच्या बाजूने घरंगळत जातो, मामा खांब सोडून झेप घेतो, आणि उशीर होतो.

खुंटा पुन्हा देशासाठी खेळला नाही. क्लबनेही त्याला एक मोसम बाकावर बसवलं आणि मग नारळ दिला. त्याचं नाव मात्र भाषेत राहिलं. शाळेत कुणी जागा सोडून गेलं, दुकानात कुणी गल्ला उघडा टाकून गेलं, की म्हणायचे, झाला याचा खुंटा. मामा पुढे बरीच वर्षं खेळला, कर्णधार झाला, आणि गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर कोच झाला.

कोच म्हणून त्याचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. नवा खेळाडू आला की त्याला पळायला लावायच्या आधी मामा एक वाक्य घोकून घ्यायचा: आधी खुंटा, मग भिंत. आभाळ फाटलं तरी बॉलसमोरचा माणूस हलणार नाही. उन्हातान्हात तासन् तास हाच सराव. बाकीचे कोच म्हणायचे, दुधाने तोंड पोळलंय बिचाऱ्याचं, ताकही फुंकून पिणारच. मुलाखतींत त्याला त्या सामन्याबद्दल विचारायचे. मामा मान हलवायचा आणि म्हणायचा, “खेळात चुका होतात. कुणा एकाला दोष देऊ नये.” लोकांना वाटायचं, केवढं मोठं मन.

आणखी एक खोड होती त्याची. केस घरीच कापायचा. बाथरूमच्या आरशासमोर, मशीनने, मागची बाजू अंदाजपंचे. मागून डोकं उंदराने कुरतडल्यासारखं दिसायचं. एरवी माणूस कंजूष नाही, पण सलूनचं नाव काढलं की विषय बदलायचा. मामी म्हणायची, “अख्ख्या स्टेडियमसमोर उभे राहिलात, एका न्हाव्यासमोर बसायला काय होतं?” आम्ही हसायचो. मामाही हसायचा.

आता तो मुलींच्या एका संघाचा कोच आहे, आणि मी त्या संघाची फिजिओ. मामा कोच आणि भाची फिजिओ म्हटल्यावर लोक वशिला म्हणतात. वशिला आहेच, पण मुरगळलेला घोटा वशिल्याने बरा होत नाही, तो मीच बरा करते. गेल्या मोसमात आमचा संघ वरच्या गटात जायच्या बेतात होता. शेवटच्या सामन्यात आम्ही पुढे होतो, आणि मग बरोबरी झाली, आणि मग आमच्या गोलाजवळ फ्री किक.

बॉलसमोर उभं राहण्याचं काम ज्या मुलीकडे होतं तिला सगळ्या मुंगी म्हणायच्या. गोलात होती ती जिराफ. मी बाकावरून बघत होते. मुंगी बॉलसमोर उभी होती, मग तिने मागे वळून बघितलं, आणि चालायला लागली. बाजूला बसलेला मामा उठून ओरडलासुद्धा नाही, इतक्या पटकन बॉल गोलात गेला. आम्ही हरलो आणि खालच्याच गटात राहिलो.

कपडे बदलायच्या खोलीत घाम, मलम आणि ओले मोजे यांचा वास होता. मामा दारातून आत आला आणि सरळ मुंगीसमोर उभा राहिला.

“बॉलसमोरून हलायला तुला कुणी सांगितलं होतं?”

मुंगीने मान वर केली. तिने मामाकडे बघितलं नाही, कोपऱ्यात बसलेल्या जिराफकडे बघितलं. जिराफ खाली वाकली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. नाडी सुटलेलीच होती.

“चूक झाली, सर,” मुंगी म्हणाली.

आता भोंगा वाजणार म्हणून सगळ्यांनी अंग चोरलं. मामाचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्याने मुंगीकडे बघितलं, मग जिराफच्या वाकलेल्या पाठीकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. “बरं,” एवढंच म्हणाला, आणि तेही इतक्या हळू की मागच्या मुलींना ऐकू गेलं नसेल. मग तो बाहेर गेला. मला वाटलं ब्लडप्रेशर. मागोमाग गेले तर तो सामानाच्या खोलीत बॉलच्या पोत्यावर बसला होता.

“छातीत दुखतंय का?”

“नाही. तू जा.”

दुसऱ्या दिवशी सरावाला जिराफ सगळ्यांच्या आधी आली होती. डोळे सुजलेले. सगळ्या जमल्यावर ती पुढे झाली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, “काल तिला भिंतीत मी बोलावलं होतं. भिंत अपुरी वाटली मला. तिची चूक नाही, माझी आहे.”

मग कर्णधार मुलगी म्हणाली, “गाढव आहेस तू.” मुंगी म्हणाली, “काल बोलली असतीस तर मी जेवले तरी असते.” कुणीतरी जिराफच्या पाठीत एक धपाटा घातला. थोड्या वेळाने त्या सगळ्या सरावाच्या घामट बंड्या कुणी धुवायच्या यावरून भांडत होत्या. मामा मैदानाच्या कडेला शिट्टी तोंडात धरून उभा होता. वाजवायची विसरला होता.

“एवढंच असतं होय?” त्याने मला विचारलं.

मला तेव्हा काही कळलं नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी त्याने मला गाडी काढायला सांगितली. त्याच्या पायाला सूज होती, बूट चढत नव्हता, म्हणून चपला घालून आला. कुठे जायचंय ते सांगेना, नुसता डावीकडे, उजवीकडे सांगत होता. गाव मागे पडल्यावर बोलायला लागला, समोरच्या काचेकडे बघत.

खुंट्याला त्यानेच बोलावलं होतं. समोरचा खेळाडू फ्री किकसाठी प्रसिद्ध होता, मामाला भिंत एका माणसाने कमी वाटली. प्रेक्षकांचा गोंगाट इतका होता की त्याचा आवाजही पुढे पोचेना, म्हणून त्याने हातानेही खूण केली. खुंट्याने वळून बघितलं. मामाने पुन्हा हात हलवला, ये म्हणून. तो आला. कॅमेरे सगळे त्या वेळी बॉलवर होते. नंतर खोलीत कोच खुंट्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, बॉलसमोरून हलायला तुला कुणी सांगितलं होतं? खुंट्याने मामाकडे बघितलं. मामा वाकून बुटाची नाडी सोडायला लागला.

“आणि खुंटा म्हणाला, चूक झाली,” मी म्हणाले.

“हो.”

मी गाडी कडेला घेतली. “मामा, तू हलकट आहेस,” मी म्हणाले. ज्याने मला सायकल शिकवली, ज्याच्या जिवावर मी नोकरीला लागले, त्याच्याशी असं बोलू नये हे मला कळतं. पण त्या मुलाखती माझ्या डोळ्यांसमोर आल्या. कुणा एकाला दोष देऊ नये म्हणे. तो वाद घालील, रागावेल, असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं.

“हो,” तो परत म्हणाला. “बोलणारच होतो मी. वाटलं, जरा सगळे शांत होऊ देत. मग वाटलं, परतीच्या प्रवासात बोलू. मग मलाच कर्णधार केलं. कर्णधार झाल्यावर कुठल्या तोंडाने बोलणार? एकदा गप्प बसलं ना, की मग रोज गप्प बसावं लागतं. त्या पोरीला एका रात्रीत जमलं.”

मला त्याची लाज वाटत होती, आणि त्याला स्वतःची वाटत होती, आणि त्या छोट्या गाडीत दोघांची मिळून इतकी झाली होती की मी काच खाली केली.

त्याने सांगितलेल्या रस्त्यावर एक सलून होतं. दोन खुर्च्या, समोरासमोरच्या भिंतींवर आरसे, पाण्याच्या फवाऱ्याची निळी बाटली, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. एका खुर्चीत कारागीर एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. बाकावर दोघं जण फोन बघत बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक फार म्हातारे गृहस्थ, हात काठीवर, नजर रस्त्यावर. दुसऱ्या खुर्चीमागे एक ठेंगणा माणूस उभा होता. पोट सुटलेलं, चष्मा कपाळावर. मामाचं घरी केस कापणं मला त्या क्षणी कळलं. तो खुंटा होता, आणि सलून त्याच्या वडिलांचं होतं.

त्याने मामाला लगेच ओळखलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. “ये, बस,” म्हणाला. मामा बसला. खुंट्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि डोकं एका बोटाने पुढे वाकवलं.

“केस कोण कापतं रे तुझे?”

“मीच.”

“वाटलंच.”

कात्री चालायला लागली. मामा आरशातून त्याच्याकडे बघत होता. मग खालच्या आवाजात म्हणाला, “त्या दिवशी भिंतीत मी बोलावलं होतं तुला.”

“मला काय सांगतोस?” खुंटा म्हणाला. “मी तिथेच होतो.”

कात्री थांबली नाही. “मी वाट बघितली तुझी,” तो म्हणाला. “खोलीत बघितली, बसमध्ये बघितली. घरी आल्यावर फोनची बघितली. मग इथे उभा राहायला लागलो. धंदा करताना वाट बघत बसता येत नाही.”

“माफ कर मला.”

“ते बघू नंतर.” खुंट्याने कात्रीचं टोक बाकाकडे केलं. “आधी त्यांना सांग. माझे बाबा. याच खुर्चीत बसून लोक मला शिव्या घालायचे आणि बाबा त्यांची दाढी करायचे. गळ्यावर वस्तरा असताना माणूस किती बोलू शकतो ते मी तेव्हा बघितलं. बाबांनी एकदाच विचारलं मला, बॉल सोडून का गेलास? म्हटलं, गोलकीपरने बोलावलं. तर म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतः चुकलास ते चुकलास, वर दुसऱ्याचं नाव घेतोस? त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नव्वदीला आलेत आता. हरल्याचं त्यांनी मला कधीच माफ केलंय. खोटं बोललो त्याचं नाही केलं.”

मामाने बाकाकडे बघितलं, फोनवाल्या दोघांकडे बघितलं. “इथे?”

“मग कुठे? मला काय आत बोलावून शिव्या घातल्या होत्या?” खुंटा म्हणाला. “आणि मोठ्याने बोल. त्यांना ऐकू येत नाही.”

मामा उठला. गळ्यात कापड तसंच, अर्धे केस कापलेले, अर्धे कुरतडलेले. म्हाताऱ्यांसमोर गेला. गुडघा वाकत नाही म्हणून नुसताच कमरेत वाकला आणि काहीतरी पुटपुटला.

“काय?” म्हातारे म्हणाले.

मामा जरा मोठ्याने बोलला. म्हाताऱ्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली, नाही म्हणून. फोनवाल्या दोघांनी फोन खाली ठेवले. मामाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्याला वाचवायला काहीच केलं नाही.

मग त्याने तो आवाज काढला. मी तो सामन्यांच्या फितींत ऐकला होता, मैदानावर ऐकला होता, पण चार भिंतींत कधी ऐकला नव्हता. “तुमच्या मुलाची चूक नव्हती! त्याला मी बोलावलं होतं! मी गोलकीपर होतो! तो तुमच्याशी खरं बोलला होता!” आरसे थरथरले म्हणत नाही, पण कारागिराचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरून बाजूला झाला. रस्त्यावरून जाणारी एक बाई पिशवी हातात धरून दारात थांबली, तिच्या मागे आणखी एक जण. पलीकडच्या दुकानातून कुणीतरी मान बाहेर काढली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, आणि मी तर त्या वेळी जन्मलेही नव्हते.

म्हातारे बराच वेळ मामाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून मुलाकडे बघितलं. खुंटा कंगव्यात अडकलेले केस काढत होता. कंगव्यात केस उरले नव्हते तरी काढत होता. म्हाताऱ्यांची हनुवटी हलली. त्याला काहीतरी म्हणतील असं वाटलं, पण ते परत मामाकडे वळले.

“आवाज चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. “तेव्हा घसा बसला होता का?”

मामाची मान खाली गेली आणि हात गुडघ्यांवरून घसरत पावलांपर्यंत गेले. पायांत चपला होत्या. सोडायला नाडी नव्हती.